एकादशी दोन दिवशी का येते, संकष्टीचा चंद्र किती वाजता धरायचा: कोकणातल्या घरासाठी उपवासांच्या तिथींचा हिशेब

गुहागर तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. भिंतीवरच्या कॅलेंडरात एकादशी एका दिवशी आणि मोबाइलमध्ये दुसऱ्या दिवशी, तर उपवास कधी धरायचा? संकष्टीला कॅलेंडरातल्या वेळी चंद्र दिसतच नाही, आणि पावसाळ्यात तर ढगांमुळे मुळीच नाही, मग जेवायचं केव्हा? दिल्लीच्या जाऊबाईंचा श्रावण पंधरा दिवस आधी कसा सुरू होतो? शेजारच्या घरी टिळक पंचांग आहे, त्यांचे गणपती एखाद्या वर्षी महिनाभर आधी का येतात? आणि सासूबाईंना मधुमेह आहे, त्यांनी चंद्रोदयापर्यंत थांबावं का?

ताई, या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. तिथी संपण्याचा क्षण सगळ्या जगासाठी एकच असतो. सूर्योदय, सूर्यास्त आणि चंद्रोदय मात्र प्रत्येक गावाचे वेगळे. व्रताचा दिवस या दोन गोष्टी एकमेकींवर ठेवून ठरतो. त्यामुळे ‘आज कुठली तिथी?’ एवढंच विचारून भागत नाही. ‘या व्रताला दिवसातली कुठली वेळ लागते, आणि त्या वेळी आपल्या गावात ती तिथी आहे का?’ असं विचारायला हवं. त्या वेळेला शास्त्रात कर्मकाल म्हणतात.

आधी तिथीची लांबी पाहू. चंद्र सूर्याच्या पुढे १२ अंश गेला की एक तिथी होते. अशा ३० तिथींचा चांद्रमास सरासरी २९ दिवस १२ तास ४४ मिनिटांचा असतो, म्हणजे एक तिथी सरासरी २३ तास ३७ मिनिटांची. पण चंद्राची चाल सारखी नसल्यामुळे तिथी कधी जेमतेम २० तासांत आटोपते, तर कधी पावणेसत्तावीस तास चालते. जुन्या गणितात हीच मर्यादा ‘बाणवृद्धी रसक्षय’ अशी, म्हणजे ६५ घटी ते ५४ घटी मानत. आजच्या सूक्ष्म गणिताने ती ६७ ते ५० घटी येते. घटी २४ मिनिटांची असते आणि अडीच घटींचा एक तास होतो. घरात जुनं पंचांग असेल आणि त्यात तिथीपुढे ‘१२ घटी ३० पळे’ असं लिहिलं असेल, तर ते मध्यरात्रीपासून मोजू नका. सूर्योदयापासून पाच तासांनी, असा त्याचा अर्थ.

दिवस २४ तासांचा आणि तिथी कमीजास्त, म्हणून एखादी तिथी एकाही सूर्योदयाला सापडत नाही. तो क्षय. एखादी दोन सूर्योदयांना सापडते, ती वृद्धी. कॅलेंडरच्या चौकटीत छापलेली तिथी सूर्योदयाची असते. बराचसा घोळ इथेच होतो, कारण आपल्या उपवासांपैकी फार थोडे सूर्योदयाच्या तिथीवर चालतात. विनायकी आणि गणेश चतुर्थीला मध्याह्न लागतो, म्हणजे दिवसाचे पाच भाग केले तर तिसरा. प्रदोषाला सूर्यास्तानंतरच्या सहा घटी, सुमारे दोन तास चोवीस मिनिटं. शिवरात्र आणि जन्माष्टमी या निशीथाच्या, म्हणजे मध्यरात्रीच्या. श्राद्धाच्या अमावस्येला अपराह्न, म्हणजे दुपारनंतरची वेळ, बघतात. संकष्टीला चंद्रोदय. चौकटीत ‘तृतीया’ छापलेली असते आणि खाली लाल अक्षरांत ‘संकष्टी चतुर्थी’, ती छपाईची चूक नाही. सकाळी तृतीया असते आणि रात्री चंद्र उगवतो तेव्हा चतुर्थी लागलेली असते.

आता एकादशी. इथे प्रश्न दशमीच्या वेधाचा, म्हणजे एकादशीच्या दिवसात दशमी किती शिरली आहे याचा. स्मार्त पद्धतीत सूर्योदयाला दशमी नसली म्हणजे झालं. भागवत पद्धत त्याहून कडक आहे. सूर्योदयाच्या आधी चार घटी, म्हणजे ९६ मिनिटं, अरुणोदय धरतात आणि त्या वेळी दशमी असेल तर ती एकादशी विद्ध मानून उपवास दुसऱ्या दिवशी करतात. समजा तुमच्याकडे सूर्योदय ६.३० चा आहे. अरुणोदय ४.५४ ला झाला. दशमी पहाटे ५.२० ला संपली. सूर्योदयाला एकादशी आहे, म्हणून स्मार्त त्याच दिवशी. अरुणोदयाला मात्र दशमी होती, म्हणून भागवत दुसऱ्या दिवशी. दशमी ४.३० लाच संपली असती तर या कारणाने दोन एकादश्या झाल्या नसत्या. एकादशीची वृद्धी होऊन ती दोन सूर्योदयांना मिळाली, तर भागवत दुसरा दिवस धरतात. वारकरी आणि वैष्णव घरं भागवत धरतात, कोकणातली बरीचशी इतर घरं स्मार्त. तुमच्या घरात आजवर काय चालत आलंय ते सासूबाईंना विचारा आणि तेच ठेवा. या महिन्यात हा दिवस सोयीचा म्हणून स्मार्त आणि पुढच्या महिन्यात भागवत, असं मात्र करू नये. त्यात दोन्ही नियम सुटतात.

उपवासाइतकंच पारण्याकडे लक्ष द्या, कारण तिकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. पारणं द्वादशीत सोडायचं, पण द्वादशीचा पहिला चतुर्थांश टाळून. त्या भागाला हरिवासर म्हणतात. द्वादशी पहाटे ५ ला लागून पुढच्या पहाटे ३ ला संपणार असेल तर ती २२ तासांची झाली. तिचा चौथा हिस्सा साडेपाच तासांचा, म्हणून सकाळी १०.३० नंतर पारणं करायचं. याच्या उलटही होतं. द्वादशी एकादशीच्याच दिवशी सकाळी ९ ला लागली आणि दुसऱ्या दिवशी ७.१० ला संपली, तर हरिवासर आदल्या दुपारीच होऊन जातो आणि ६.३० च्या सूर्योदयानंतर हातात चाळीस मिनिटंच उरतात. अशा दिवशी तांदूळ आणि डाळ रात्रीच भिजवून ठेवा, पूजा थोडक्यात करा, आणि स्वयंपाक होत नसेल तर तुळशीपत्र घातलेलं पाणी घेऊन वेळेत पारणं करा. जेवण मग निवांत झालं तरी चालतं. कॅलेंडरात द्वादशीपुढे ‘७.१०’ सारखी लवकरची वेळ दिसली की आदल्या रात्रीच स्वयंपाकघरात सांगून ठेवायचं.

पंचांगात २४ च्या पुढचे तास दिसले तर गोंधळू नका. ‘२७.१४’ म्हणजे त्याच वाराच्या रात्री उत्तररात्री ३.१४. आपल्याकडे वार सूर्योदयाला बदलतो, म्हणून तसं छापतात.

संकष्टीला जरा जास्त वेळ देते, कारण कोकणात खरी अडचण तिचीच. नियम सोपा आहे: वद्य चतुर्थी चंद्रोदयाला ज्या दिवशी असेल तो दिवस. दोन्ही दिवशी चंद्रोदयाला चतुर्थी मिळाली तर पहिला दिवस, म्हणजे तृतीयेला जोडलेला. एकाही दिवशी मिळाली नाही तर दुसरा. उदाहरणार्थ चतुर्थी रात्री १०.०५ ला लागली आणि त्या दिवशीचा चंद्रोदय ९.२० ला होऊन गेला. दुसऱ्या दिवशी चतुर्थी रात्री ९ ला संपली आणि चंद्रोदय १०.१० चा. दोन्हीकडे हुकली, म्हणून संकष्टी दुसऱ्या दिवशी. चंद्रोदय रोज सरासरी पन्नास मिनिटांनी पुढे सरकतो हे लक्षात ठेवलंत तर हा हिशेब कागद-पेन्सिलीने कुणालाही जमेल.

आता वेळेबद्दल. कॅलेंडरच्या मुख्य चौकटीतली चंद्रोदयाची वेळ बहुधा मुंबईची असते. काही कॅलेंडरांत इतर गावांचा तक्ता वेगळा दिलेला असतो, तो शोधा. रेखांशाच्या एका अंशाला चार मिनिटं पडतात. मुंबई ७२.८, रत्नागिरी ७३.३, मालवण साधारण ७३.५ अंशांवर, म्हणजे पूर्व-पश्चिम फरक फक्त दोन-तीन मिनिटांचा. पण मुंबई ते मालवण अक्षांशात जवळपास तीन अंशांचं अंतर आहे आणि चंद्र फार उत्तरेला किंवा फार दक्षिणेला असताना त्यामुळे सहा-सात मिनिटं इकडेतिकडे होतात. हिवाळ्यात कार्तिक-मार्गशीर्षाच्या सुमाराला संकष्टीचा चंद्र उत्तरेकडे असतो, तेव्हा मालवणात तो मुंबईनंतर उगवतो. वैशाख-ज्येष्ठात तो दक्षिणेकडे असतो, तेव्हा मालवणात आधी. सगळं धरून किनाऱ्यावर मुंबईच्या वेळेत पाच-दहा मिनिटांपेक्षा जास्त फरक पडत नाही. नागपूरची वेळ मात्र रत्नागिरीच्या सरासरी वीस-पंचवीस मिनिटं आधीची असते, आणि मोबाइलमध्ये दिल्ली धरलेली राहिली तर आश्विन-कार्तिकात चंद्र चाळीसेक मिनिटं आधीच उगवल्याचं दाखवेल. ‘मोबाइलमध्ये उगवला, आभाळात नाही’ असं तुम्ही लिहिलंय, त्याचं पहिलं कारण हे असू शकतं.

दुसरं कारण सह्याद्री. आपला समुद्र पश्चिमेला. शुद्ध द्वितीयेची कोर समुद्रावर मावळताना किनाऱ्यावरून स्वच्छ दिसते, पण संकष्टीचा चंद्र डोंगराकडूनच यायचा. पंचांगातली वेळ सपाट क्षितिज धरून काढलेली असते. चंद्राला आपल्या अक्षांशावर एक अंश वर यायला चार मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागतो. हर्णै-दापोलीच्या बाजूला घाटमाथा लांब आहे, तो क्षितिजापासून एखादा अंश वर दिसतो, म्हणजे चार-पाच मिनिटांचा उशीर. घाटाच्या कुशीतल्या गावात, पोलादपूर किंवा खेडच्या पूर्वेकडच्या वाड्यांत, डोंगर पाच-सहा अंश सहज वर असतो. तिथे चंद्र दिसायला वीस-पंचवीस मिनिटं जादा लागतात. घरासमोरच माडांची बाग नाहीतर टेकडी असेल तर आणखी. हात पूर्ण लांब करून एक डोळा मिटा. अशी धरलेली मूठ सुमारे दहा अंश झाकते. पूर्वेकडचा डोंगर किती मूठ आहे ते एकदा दिवसाउजेडी मोजून ठेवा. अर्ध्या मुठीला वीस-बावीस मिनिटं, हा तुमच्या अंगणाचा कायमचा आकडा झाला.

मग अर्घ्य कधी द्यायचं? गणिताने आलेला चंद्रोदय हाच व्रताचा चंद्रोदय. त्या वेळेनंतर चंद्र डोंगराआड असला किंवा आषाढ-श्रावणाच्या ढगांत असला तरी तो उगवलेलाच आहे. पूर्वेकडे तोंड करून अर्घ्य द्यावं, नैवेद्य दाखवावा आणि जेवावं. ढग विरण्याची वाट पाहत मध्यरात्रीपर्यंत उपाशी बसायची गरज नाही. दर्शन घेऊनच जेवायचा ज्यांचा नियम आहे त्यांनी आभाळ निरभ्र असेल तेव्हा पाळावा. पावसाळ्यात तोच नियम घरातल्या म्हाताऱ्या माणसांवर लादणं मला योग्य वाटत नाही. एक सावधगिरी मात्र हवी. चतुर्थी लागण्याची किंवा संपण्याची वेळ चंद्रोदयाच्या अगदी जवळ, पाच-दहा मिनिटांच्या आत असेल, तर रत्नागिरी आणि नागपूरची संकष्टी वेगळ्या दिवशी पडू शकते. तिथे डोंगर, माड काही धरायचं नाही. आपल्या गावाची गणिताची वेळ धरायची.

श्रावण सोमवार आणि संकष्टी एकाच दिवशी आली की सोमवार सोडायचा संध्याकाळी आणि संकष्टी चंद्रोदयाला, हा पेच पडतो. व्यवहारात चंद्रोदयानंतर एकदाच जेवतात, दोन्ही व्रतं त्यात सांभाळली जातात.

दिल्लीच्या जाऊबाईंचं सांगते. आपण महाराष्ट्र, गोवा, गुजरात, कर्नाटकात अमावस्येला महिना संपवतो. उत्तरेत तो पौर्णिमेला संपतो. शुद्ध पक्षाचं नाव दोघांकडे एकच, वद्य पक्षाचं मात्र त्यांच्याकडे पुढच्या महिन्याचं. म्हणून आपला आषाढ वद्य म्हणजे त्यांचा श्रावण, आपला श्रावण वद्य म्हणजे त्यांचा भाद्रपद. जन्माष्टमी दोघांची एकाच रात्री, फक्त आपण ती श्रावणात लिहितो. महाशिवरात्र आपली माघात, त्यांची फाल्गुनात, रात्र तीच. सोमवारांचा फरक मात्र खरा पडतो: त्यांचे सुरुवातीचे सोमवार आपल्या आषाढात जातात आणि आपले शेवटचे त्यांच्या भाद्रपदात. मोबाइलमध्ये पंचांग घेतलंत तर दोन ठिकाणी हात घाला, गाव तुमचं करा आणि मास अमान्त, म्हणजे अमावस्येला संपणारा, करा.

टिळक पंचांगाची गोष्ट वेगळी. रत्नागिरी-सिंधुदुर्गात ते पाळणारी घरं अजून आहेत. त्यात राशीचक्राचा आरंभबिंदू दुसरा धरतात, फरक सुमारे चार अंशांचा, म्हणून त्यांची मकरसंक्रांत १० जानेवारीला येते. तिथी म्हणजे सूर्य-चंद्रातलं अंतर, आरंभबिंदू कुठलाही धरला तरी ते बदलत नाही. म्हणून त्यांची चतुर्थी आणि एकादशी त्याच दिवशी असते. संक्रांती सरकल्या की अधिक मास मात्र सरकतो, कारण ज्या चांद्रमासात संक्रांत होत नाही तो अधिक. २०२३ मध्ये बाकी पंचांगांत १८ जुलै ते १६ ऑगस्ट अधिक श्रावण होता. टिळक पंचांगाने त्या महिन्यात संक्रांत सापडली, तो निज, म्हणजे अधिक नसलेला नेहमीचा, श्रावण ठरला. परिणामी त्यांचे गणपती २० ऑगस्टला बसले आणि बाकीच्यांचे १९ सप्टेंबरला. दोन्ही घरांचं गणित आपापल्या जागी बरोबर आहे. शेजाऱ्यांच्या घरी दर्शनाला जा, आरती म्हणा, पण आपल्या घरचे गणपती आपल्या पंचांगानेच बसवा.

अधिक मासात एकादशी, संकष्टी, प्रदोष चालूच राहतात, अधिकातल्या दोन्ही एकादश्यांना कॅलेंडरात कमला एकादशी म्हणतात. वर्षातून एकदा येणारी व्रतं मात्र निज मासात. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून आहे. मेअखेरची ज्येष्ठ पौर्णिमा बघून वडाची पूजा करू नका, वटपौर्णिमा निज ज्येष्ठातली, २९ जूनची.

भरतीवरून तिथीचा ताळा घेता येतो, हे किनाऱ्यावर राहणाऱ्यांना ठाऊक असावं. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की मुंबईच्या बाजूला पूर्ण भरतीचा अंदाजे तास मिळतो, शुद्ध-वद्य दोन्ही पक्षांत. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. दक्षिणेला रत्नागिरी-मालवणकडे भरती थोडी आधी लागते. दीड दिवसाचे गणपती पंचमीला जातात: पाचाची पाऊणपट पावणेचार. भरती भरून पाणी वळताना विसर्जन केलं की मूर्ती ओहोटीबरोबर आत जाते. भरती चढत असताना केलं तर मूर्ती परत किनाऱ्यावर येऊन लागते. अष्टमीच्या पुढे भांग असते, पाणी कमी हलतं, तेव्हा थोडं खोल नेऊन सोडावं लागतं. पौर्णिमा-अमावस्येच्या सुमाराला आणि नंतरचे दोनेक दिवस उधाण, तेव्हा लहान मुलांना पाण्यात उतरवू नका.

शेवटचा प्रश्न सासूबाईंचा. संकष्टीचा चंद्रोदय वर्षभरात साधारण सव्वाआठ ते साडेदहाच्या दरम्यान फिरतो, सगळ्यात उशिरा वैशाख-ज्येष्ठात. मधुमेहाच्या माणसाने ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन तोपर्यंत उपाशी राहणं धोक्याचं आहे. आधी डॉक्टरांना विचारून त्या दिवसाचा डोस आणि वेळ ठरवा. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा साखर ७० च्या खाली गेली, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. पाणी, कंदमूळ, फळ, दूध आणि औषध यांनी व्रत मोडत नाही, असं धर्मशास्त्रच सांगतं, तेव्हा सासूबाईंना ‘मोडलं’ असं वाटू देऊ नका.

खिचडी त्यांना कमीच द्या, साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे आणि साखर झपाट्याने चढवतो. त्याऐवजी दुपारी छोटी वाटीभर वऱ्याचे तांदूळ आणि वर दाण्याची आमटी, चारच्या सुमारास ताक नाहीतर दूध आणि मूठभर शेंगदाणे. काही घरांत एकादशीला वरी चालत नाही. तुमच्याकडे तसं असेल तर राजगिऱ्याची भाकरी करा. एक वाटी वरीला अडीच ते तीन वाट्या उकळतं पाणी लागतं. वरी आधी तुपात जिऱ्यावर परतून घेतली नाही तर ती चिकट होते आणि गार झाल्यावर वडी पडते. बाकीच्यांच्या खिचडीसाठी पावसाळ्यात साबुदाणा धुऊन पाणी निथळा आणि वर जेमतेम शिंपडण्याइतकंच ठेवा. दमट हवेत उन्हाळ्याइतकं पाणी घातलं की गोळा होतो. दाणा बोटात दाबल्यावर मधला पांढरा ठिपका राहिला नाही, की भिजला. मोदकांची उकड मात्र चंद्रोदयाच्या पाऊण तास आधीच काढायला घ्या, म्हणजे अर्घ्य झालं की सासूबाईंचं ताट लगेच वाढता येईल.